फक्त कॅप्टननं बोलायचं

उमरनं दंडावरची कॅप्टनची पट्टी स्वतःच सोडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आता दाखवा, सर." मी खिशातून लाल कार्ड काढलं. बावीस वर्षं फुटबॉलच्या मॅचेस खेळवतोय, पण कार्ड निघायच्या आधी पोरगा असा समोर येऊन उभा राहिलाय, रेशनच्या रांगेत आपला नंबर आल्यासारखा, हे पहिल्यांदाच पाहिलं. पंधरा वर्षांचं पोर. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, उलट मला वाटलं की तो माझीच वाट बघतोय, म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला वेळ लागतो तेव्हा आपण बघतो तशी. मी कार्ड वर धरलं. तो वळला आणि धुळीतून, कुठंही न बघता, मैदानाबाहेर गेला. त्याच्याच टीमचा निंबा गाल धरून तिथंच उभा होता. उमरनं त्याच्या कानाखाली वाजवली होती. आपल्याच टीमच्या पोराच्या, फायनलला, दोनशे माणसांदेखत. यात माझ्यासाठी विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मार खाणारा आपला की परका, हे नियमांचं पुस्तक विचारत नाही. मारलं, बाहेर.

घरी जळगावला जायला साडेतीनची बस मिळाली, खिडकीही मिळाली. धुळं मागं पडलं आणि गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पंधरा वर्षांच्या पोरांमागं सत्तर मिनिटं धावायचं आणि सोमवारी शाळेच्या ऑफिसात क्लार्कच्या खुर्चीत बसून दाखले लिहायचे, याला हौस म्हणतात. मोहिनी, माझी बायको, याला खाज म्हणते. मोबाईलवर रिपोर्टचा फॉर्म उघडून ठेवला होता. खेळाडूचं नाव, नंबर, मिनिट, गुन्हा, हे सगळं भरून झालं. उमर शकील, चार नंबर, एकसष्टावं मिनिट, मारहाण. त्याच्याखाली एक रिकामी चौकट होती, 'परिस्थिती' नावाची. रिपोर्ट सहाच्या आत जायला हवा. बुधवारी जळगावला विभागाच्या टीमची निवड आहे, त्या यादीत उमर तिसरा आहे. यादी मी पाहिलीय, कारण तिथल्या मॅचेसही मलाच खेळवायच्या आहेत. मारहाणीचं किंवा पंचांना शिवीगाळीचं लाल कार्ड असलं की या वर्षीची निवड गेली, आणि पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नाही. मात्र रेफरीनं त्या चौकटीत लिहिलं की पोरानं हे असं असं झाल्यामुळं केलं, तर कमिटी एका मॅचच्या बंदीवर भागवते आणि निवड वाचते. म्हणजे पोराचं सगळं त्या चौकटीवर, आणि चौकट माझ्या अंगठ्याखाली. मी मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि बाहेर बघत बसलो. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. फागण्याच्या पुढं एका शेतात बायका पाठीला झोळ्या बांधून ओळीनं वाकल्या होत्या.

जिल्ह्यात माझं नाव आहे. 'हितेंद्र सरांच्या मॅचला कार्ड निघत नाही,' असं लोक म्हणतात. त्याचं गुपित मी गेल्या वर्षी जळगावच्या शिबिरात नव्या रेफरींना उभं राहून सांगितलंसुद्धा, आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. टॉसच्या वेळी मी दोन्ही कॅप्टनना जवळ घेतो. खांद्यावर हात ठेवतो. म्हणतो, "हे बघा, ग्राउंडवर माझ्याशी फक्त कॅप्टननं बोलायचं. बाकी कोणी तोंड उघडलं, तर मी त्याला नाही विचारणार, तुम्हाला विचारणार. तुमची दहा पोरं तुमच्या जामिनावर खेळतायत." पोरं छाती पुढं काढतात. त्या वयात कोणी जबाबदारी दिली की पोराला आपण उंच झाल्यासारखं वाटतं. मग मॅचमध्ये कोणी बडबडला, शर्ट ओढला, शिवी दिली, की मी शिट्टी मारतो, कॅप्टनला बोलावतो आणि दोन वाक्यं सांगतो. तो जाऊन पोराला समजावतो. पोरं रेफरीचं ऐकत नाहीत तेवढं आपल्या कॅप्टनचं ऐकतात. हे सगळं खरं आहे. शिबिरात जे सांगितलं नाही ते असं, की पिवळं कार्ड काढलं की कोच येतो, कोचमागं बाप येतो, बापामागं नगरसेवकाचा फोन येतो, आणि रविवारची संध्याकाळ फॉर्म भरण्यात जाते. मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. दहा वर्षांपूर्वीच आला होता. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची माझी रीत पुढं 'पद्धत' म्हणून नावारूपाला आली, एवढंच. खांदा कोणाचा, हे कुणी विचारलं नाही.

उमरचा खांदा चांगला होता. स्टॉपरला, मागं बचावात खेळतो, डोकं शांत, बोलणं कमी. त्याच्यापुढं खेळणारा निंबा म्हणजे दुसरं टोक. शिंदखेड्याकडून शिकायला आलेलं, मामाकडं राहणारं, पायात वीज आणि तोंडात आग असलेलं पोर. निवडीच्या यादीत तोही आहे, अगदी शेवटी, अठराव्या नंबरावर. पहिल्या हाफमध्येच त्यानं एकाचा शर्ट धरून पाडलं आणि पिवळं कार्ड घेतलं. माझ्या मॅचमधलं या मोसमातलं तिसरं कार्ड. दुसरं पिवळं म्हणजे लाल. हाफनंतर दहा मिनिटांनी तो लाइन्समनवर ओरडला, "तुमना डोया फुटनात का?" हे दुसरं पिवळं होतं. पुस्तकाप्रमाणं होतं, कोणत्याही रेफरीसाठी होतं. मैदानाच्या कडेनं त्याचा मामा आणि मामाचे चार मित्र उभे होते. मी शिट्टी मारली आणि उमरला बोलावलं. म्हणालो, "याचं दुसरं कार्ड माझ्या खिशात आहे. तू त्याला आवर, मी ते काढत नाही. सांग, आवरतोस?" उमरनं एकदा निंबाकडं पाहिलं, एकदा माझ्या खिशाकडं. "आवरतो, सर." मग तो धावत गेला, निंबाच्या मानेवर हात टाकून त्याला मधल्या रेषेपर्यंत नेलं. मला ऐकू आलं, "निंब्या, चूप ऱ्हाय भो. मी शे ना." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःच्या हुशारीचं बरं वाटलं.

पारोळ्याला बस थांबली तेव्हा भजीवाले खिडकीशी आले. भूक होती, पण घेतली नाहीत. माझे वडील, कौतिक मुकादम, केळीच्या कटाईवर बावीस माणसांची टोळी चालवायचे. रावेरकडच्या कुठल्याही बागेत सकाळी सहाला टोळी उतरली की व्यापारी बांधावर खुर्ची टाकून बसे. तो माणसांशी कधी बोलत नसे. घड आपटला, सालीला डाग पडला, ट्रकमध्ये पाला नीट अंथरला नाही, काहीही झालं तरी तो एकच हाक मारे, "कौतिक!" आणि वडील डोक्याचं फडकं काढत बांधाकडं जात. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो. घड वाहणारी माणसं चिकानं काळी पडलेली असायची, आणि त्यांच्यात माझे वडील सगळ्यात कमी काळे, म्हणून मला वाटायचं की मुकादम म्हणजे साहेब. मोठा झाल्यावर कळलं की घड वाहणाऱ्याला एकच बाजू असते. वडील म्हणायचे, "मुकादमाले दोन बाजूनं बोलनं खावं लागते, पोरा. वरून बी अन् खालून बी." एकदा एका माणसाच्या खांद्यावरून लागोपाठ दोन घड पडले. व्यापाऱ्यानं हाक मारली. वडील गेले, ऐकून घेतलं, परत आले आणि त्या माणसाच्या थोबाडीत दिली. सगळी टोळी थांबली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मला वडिलांची इतकी लाज वाटली की दुपारी त्यांच्या डब्यातली भाकर खाल्ली नाही. व्यापारी मात्र खुर्चीत मागं रेलून बसला, त्यावर तो पुढं काही बोलला नाही. आणि तो मार खाल्लेला माणूस संध्याकाळी आमच्याच घरी जेवला, आईकडं मिरचीचा ठेचा मागून घेतला, वडिलांशी हसून बोलला. मोठ्या माणसांचं काही खरं नसतं, असं समजून मी ते सोडून दिलं. वडील गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. विचारायचं राहून गेलं, तसं बरंच काही राहून गेलं.

उमरला दुसऱ्यांदा बोलावलं ते पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास. निंबानं बॉल लांब मारून वेळ काढला. तिसऱ्यांदा एकसष्टाव्या मिनिटाला. समोरच्या टीमच्या पोरानं निंबाला पायात पाय घालून पाडलं होतं, मला दिसलं नव्हतं, लाइन्समनला दिसलं नव्हतं किंवा दिसूनही त्यानं झेंडा वर केला नव्हता, कारण डोळे फुटल्याचं तो विसरला नसावा. निंबा उठून हात उडवत शिव्या द्यायला लागला. मी शिट्टी मारली. ऊन तोंडावर होतं, पाण्याची बाटली दुसऱ्या टोकाला होती, मामा मैदानाच्या रेषेच्या आत एक पाऊल टाकून उभा होता. उमर माझ्याकडं आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "सर, मी त्याला सांगितलं. पण आता त्याला खरंच पाडलंय. तुम्ही एकदा त्याच्याशी बोला ना." किती साधी गोष्ट मागत होता. पंधरा पावलं चालून मी त्या पोराशी बोलायचं होतं. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुझं ऐकत नसेल, तर कॅप्टन कशाला झालास?" हे वाक्य तोंडातून निघताना मला काही वाटलं नाही. आता, पारोळा सोडून बस निघाल्यावर, ते वाक्य मला दुसऱ्याच आवाजात ऐकू आलं. बांधावरच्या खुर्चीतून. "तुझं ऐकत नसतील, तर मुकादम कशाले झाला?" चाळीस वर्षांच्या आसपास ते माझ्या आत कुठं पडून होतं कुणास ठाऊक, आणि वापरायची वेळ आली तेव्हा मी ते खुर्चीवाल्याच्या बाजूनं वापरलं. मी खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "बस लागते का भाऊ? लिंबू देऊ?" मी नको म्हटलं.

त्यानंतरचं सगळं दहा सेकंदांत झालं. निंबा मूठ आवळून लाइन्समनकडं निघाला होता. उमर माझ्यासमोरून सुटला, आडवा धावत त्याच्यापर्यंत पोचला आणि कानाखाली दिली. आवाज कोचच्या खुर्चीपर्यंत गेला असेल. निंबा थांबला. "माले काबर मारं रे?" का मारलंस एवढंच विचारलं, अगदी लहान पोरासारखं, आणि सगळी आग विझली. त्याच्या दुसऱ्या कार्डाला कारण राहिलं नाही. मॅच दहा पोरांनी खेळली, एकाला दोन गोलांनी हरली. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवायचो. आज मी मैदानावर करून दाखवला.

आणि हे एवढंच असतं तरी मी पचवलं असतं. मॅच संपल्यावर मी बूट सोडत बसलो होतो, तेव्हा उमरचे वडील आले. शकीलभाई. पॉवरलूमवर असतात. त्यांची सुट्टी शुक्रवारची, पण रविवारचा खाडा करून पोराची फायनल बघायला आले होते. कानाच्या पाळीला कापसाचा बारीक तंतू चिकटलेला होता. मला वाटलं भांडतील. त्यांनी हात जोडले. "सर, तुम्ही कार्ड दिलं ते बरोबरच केलं. हात उचलायचा नसतो. पण माझा पोरगा असा नाही हो. घरात लहान भावालाबी हात लावत नाही. मी विचारलं, तर काहीच सांगत नाही. नुसतं म्हणतो, माझीच चूक. तुम्ही जवळ होते, तुम्ही सांगा, काय झालं होतं?" उमर मागं वीस पावलांवर सायकलला टेकून उभा होता. त्यानं घरच्यांना सांगितलं नव्हतं, कोचला सांगितलं नव्हतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त कॅप्टननं बोलायचं, आणि कॅप्टन बोलला नाही. मी बुटाची नाडी सोडवत राहिलो, आधीच सुटलेली नाडी, आणि म्हणालो, "काही नाही हो शकीलभाई. गरम डोक्याचं वय आहे." शकीलभाई मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे सर, मी समजावतो त्याला." आणि ते गेले, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्याच पोराला समजवायला गेले. मी आयुष्यात खूप खोटं बोललोय, पण इतकं स्वस्तात कधी बोललो नव्हतो.

एरंडोलच्या आधी मी मोबाईल पुन्हा काढला आणि ती चौकट भरली. आधी तीन वेळा खोडलं. 'कर्णधाराने तणावाखाली' असं लिहिलं, ते वाचून मलाच शिसारी आली. मग सरळ लिहिलं. सात नंबरचा खेळाडू निंबा याने शेहेचाळिसाव्या मिनिटाला पंचांना अपशब्द वापरले, नियमाप्रमाणे तेव्हाच दुसरं पिवळं कार्ड देणं आवश्यक होतं, मी दिलं नाही. त्याला आवरण्याचं काम मी तीन वेळा कर्णधारावर टाकलं, तिसऱ्यांदा सर्वांसमक्ष अपमान केला, त्यातून हा प्रकार घडला. चूक माझी आहे. निंबाचं नाव लिहिताना अंगठा अडला नाही. अठराव्या नंबराचं पोर, त्याचा बुधवार जाईल हे मला ठाऊक होतं, पण जे मुळात त्याच्या नावावर जायला हवं होतं ते त्याच्या नावावर जात होतं, यात अन्याय कुठला? उलट किती दिवसांनी काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं. पाठवलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. एरंडोलला मी उतरून चहा घेतला, भजीही घेतली. गरम होती. मीठ कमी होतं तरी संपवली.

पाळधीच्या पुढं नीलेशचा फोन आला. नीलेश आमच्या रेफरी संघटनेचा सेक्रेटरी, वयानं लहान पण बोलायला मोठा. "हितूभाऊ, काय लिहिलंय हे? रिपोर्टमध्ये रेफरी स्वतःबद्दल लिहितो का कुठं? बुधवारी तुम्हाला कसं उभं करू मी आता?" मी म्हटलं, नको करू. तो म्हणाला, "बरं. तुमची मर्जी. मग उमर खेळतो आणि तो निंबा यादीतून जातो. दोन पोरांची गोष्ट आहे म्हणून पुन्हा विचारतो, नक्की ना?" "नक्की," मी म्हणालो. बांभोरीच्या पुलावरून गिरणेचं पात्र दिसलं, मधोमध पाण्याची एक पट्टी आणि बाकी वाळू. मला हलकं वाटत होतं. कित्येक वर्षांत मॅच संपल्यावर असं वाटलं नव्हतं, आणि या हलकेपणाचा मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता. एकच काम राहिलं होतं. शकीलभाईंना सांगायचं, की मी खोटं बोललो.

पिंप्राळ्याच्या वळणाला उतरलो. दिवस मावळायला आला होता, रिक्षावाले "चला, चला" करत होते. बॅग खांद्याला लावून एका मेडिकलच्या पायरीजवळ उभा राहिलो आणि टीमच्या यादीवरचा शकीलभाईंचा नंबर लावला. फोन उमरनं उचलला. "अब्बू नमाजला जायची तयारी करतायत, सर. देऊ का?" म्हटलं, आधी तूच ऐक. मग मी सगळं सांगितलं. रिपोर्टमध्ये माझी चूक लिहिली, तुझं कार्ड एका मॅचचं होईल, बुधवारी तू खेळणार, आणि तुझ्या अब्बूंना मी चुकीचं सांगितलं ते आता दुरुस्त करतो. मला वाटलं, पोर आनंदानं काहीतरी म्हणेल, निदान 'थँक्यू सर' तरी. तिकडून लूमची खडखड ऐकू येत होती, शेजारच्या घरातली असेल.

"माझं एका मॅचचं कशामुळं होईल, सर? काय लिहिलं तुम्ही?"

"जे झालं तेच लिहिलं. निंबा लाइन्समनला बोलला, ते."

"निंब्याचं नाव लिहिलं?"

"लिहावं लागलं, उमर. त्याच्याशिवाय तुझं कसं—"

"त्याचं बी बुधवारी नाव होतं, सर." आवाज चढलेला नव्हता. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखा तो सावकाश बोलत होता. "तुम्ही बोलले होते, मी त्याला आवरलं तर तुम्ही कार्ड नाही काढणार. तो लाइन्समनच्या अंगावर चालला होता. नुसतं धरून थांबला नसता तो. मी त्याला आवरलं ना?"

"आवरलंस."

"मंग मी त्याला मारलं कशाला, सर?"

इतका वेळ मला वाटत होतं की ते पोर माझ्या एका वाक्यानं फुटलं, आणि त्या वाक्याची माफी मागितली की झालं. पोर फुटलं नव्हतंच. त्यानं सौदा पाळला होता, स्वतःचा बुधवार देऊन पाळला होता, आणि मी एरंडोलच्या अलीकडं, बसमध्ये बसून, माझं मन मोकळं करायला तो मोडला होता. "उमर, ऐक," मी म्हणालो.

तिकडं शकीलभाईंचा आवाज आला, "किसका फोन है रे?"

उमरनं फोनवर हात ठेवला असावा, तरी मला ऐकू आलं. "सर का है, अब्बू. घर पहुँच गए, बोल रहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.